पुन्हा उगवलेली साखर

हिरवे ठिपके. सूक्ष्मदर्शकाच्या काळ्या वर्तुळात, जिथे आज काहीच दिसायला नको होतं, तिथे हिरवी पुरळ उठलेली — तिनं काच सरकवली, तिथेही ठिपके, आणखी सरकवली, तिथेही — आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. एकेक ठिपका म्हणजे पेशीला चिकटलेला विषाणू. काल दुपारी तिनं या पेशींच्या अंगावरची साखर विकर, म्हणजे एन्झाइम, घालून खरडून काढली होती. साखर नाही तर सर्दीच्या या करोनाला धरायला काही नाही, धुतल्याबरोबर तो वाहून जायला हवा... आणि हा खुशाल पाय रोवून बसला होता.

पाय रोवून. काल तिचा धाकटा भाऊ असाच उभा होता, स्वयंपाकघरात, बाबांचं मनगट मुठीत धरून. ‘तो आलाय’ एवढंच बाबा फोनवर म्हणाले होते. खरडलेल्या पेशी उबदार पेटीत तशाच ढकलून ती धावत घरी गेली, तर तो सावकाश मनगट पिळत होता आणि बाबा ओरडतही नव्हते, नुसते तिच्याकडे बघत होते — आणि मग तो आवाज, काडी मोडावी इतका किरकोळ. काडी नव्हती ती. मी ओट्यावरचा तवा उचलला होता, त्याच्या कानशिलाचा नेम धरला होता, आणि मारला नाही. अजून हात शिवशिवतोय.

प्लास्टर सुकेपर्यंत दवाखान्याच्या बाकावर तिनं ठरवून टाकलं, की संपलं. आता तो दारात मेला तरी दार उघडायचं नाही. आतून सगळं खरडल्यासारखं साफ वाटलं होतं, थंड, आणि रात्री घरी आयुष्यात पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली होती.

“विकर कधी घातलंस?” शेजारच्या टेबलावरून चष्मिशनं विचारलं. या पोरीला इथलं सगळं काम तिनंच शिकवलेलं.

“काल दुपारी.”

“आणि विषाणू?”

“आज सकाळी.”

“मग बोंबला. जिवंत पेशी आहेत बाई, रात्रभर गप्प बसतील होय? उगवली असणार साखर परत. खरडल्या खरडल्या विषाणू सोडायचा, हे तूच घोकून घेतलंस ना माझ्याकडून?”

घेतलं होतं. तिनं पेशींची ताटली उचलली, मोरीवर नेली आणि ब्लीच ओतलं, भसाभसा, लागतं त्याच्या चौपट. मरा. त्याची बोटं दाराच्या फटीत सापडावीत, वाटलं, आणि मी सगळं अंग टाकून दार लोटावं, एकेक हाड वाजेपर्यंत. त्या तोंडावर हेच ओतावं, त्या गोड तोंडावर... वासानं तिचे डोळे चुरचुरायला लागले. मेलेल्या पेशीवर काही उगवत नाही, पण मग ती पेशीही उरत नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला होता. घ्यायचा नाही म्हणत म्हणत तिनं घेतला. “ताई,” तो म्हणाला, लहानपणी ताप चढला की म्हणायचा तसं, शेवटचं अक्षर लांबवत, “रागावलीस? संध्याकाळी येतो गं. बाबांची माफी मागतो.” विषाणूही आधी एवढंच करतो, साखरेला नुसता टेकतो, सैलसर, आणि तेवढ्या आधारावर आत शिरायची वाट शोधतो. सगळं पाठ आहे मला. यावर व्याख्यान देते मी.

संध्याकाळ व्हायला आली. घरी बाबा एका हातानं कडी काढायला बसलेच असतील, येऊ दे गं, आपलाच आहे, म्हणत. त्याच्या आधी पोचायला हवं, कडीला कुलूप घालायला हवं — जाताना घ्यायचं काय काय, कुलूप, बाबांच्या गोळ्या, अंडी...

अंडी कशाला?

बाबा खात नाहीत. ती खात नाही. बलक कच्चाच ठेव ताई, असं म्हणणारं घरात एकच माणूस होतं. ती मोरीपाशी ओल्या हातांनी उभी राहिली, आणि तिला त्याचा नाही, स्वतःचा इतका संताप आला की तिनं दंडावर नखं रोवली आणि खाली ओढली, रक्त येईपर्यंत. एकदा खरडून भागणार नव्हतं. रोज खरडावं लागणार होतं, रोज सकाळी उठून, आणि आजची वेळ तर टळून गेली होती.