तात्यांची पुडी

तात्या गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांची पुडीही गेली, असं सगळं गाव म्हणत होतं. त्यांच्या बायकोला गाव काकू म्हणायचं. काकू हे ऐकून नुसती मान हलवायच्या. नवरा गेल्याचं दुःख खरंच होतं, रडून रडून डोळे सुजले होते. पण हे वाक्य कानावर पडलं की त्यांना आतून सुटल्यासारखं वाटायचं.

कारण ती पुडी तात्यांची नव्हतीच.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तात्यांनी बांधलेली साखरेची पुडी दुकानाच्या पायरीवरच सुटायची आणि गिऱ्हाईक हसायचं. माणूस गोड, पण बोटं म्हणजे नुसती मुसळं. दुकान आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीत एक हातभर रुंदीची खिडकी होती. तात्या कागदावर माल तोलून आत सरकवू लागले. काकू चार घड्या घालून, शेवटचं टोक पोटात खोचून पुडी परत देऊ लागल्या. ना दोरा, ना डिंक. पोरांनी चेंडूसारखी झेलली तरी एक दाणा सांडायचा नाही. गिऱ्हाइकाला दिसायचे ते फक्त तात्यांचे हात. मग पिशव्या आल्या, मोठी चकचकीत दुकानं आली, तरी लोक तात्यांच्या पुडीसाठी लांबून येत राहिले.

"सांगा की कधीतरी कुणाला," काकू एकदा म्हणाल्या होत्या.

"अगं, लोक म्हणतील बायकोला जुंपलंय. घरातली गोष्ट घरात बरी," तात्या हसून म्हणाले, आणि वर स्वतः चहा करून त्यांनी तो त्याच खिडकीतून आत दिला.

हे त्यांचं असंच. मुलाला खांद्यावर निजवून माल तोलायचे, अडल्यानडल्याच्या दारी स्वतः सामान पोचवायचे, बायकोवर त्यांनी जन्मात आवाज चढवला नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? आणि दुकान उघडं असलं की काकूंना खिडकीपासून दहा पावलंही हलता यायचं नाही. दुकान तर अडतीस वर्षांत एक दिवस बंद राहिलं नाही. आईला शेवटचं भेटायला गेल्या, त्यासुद्धा सकाळी जाऊन दुपारी परत.

मुलाला आणि सुनेला सगळं ठाऊक होतं, पण घराबाहेर कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. तात्या गेल्यावर काकूंनी मुलाला बजावलं, "पुडी त्यांच्याबरोबर गेली म्हणतात ना? म्हणू दे. कळलं तर मला सोडायचे नाहीत." मुलगा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होता, त्याला दुकानाची हौस नव्हती. तात्या गेल्यापासून दुकान बंदच होतं, ते महिनाअखेर कायमचं मोडायचं ठरलं. समुद्राकाठी एकट्या राहणाऱ्या बहिणीकडे काकू उद्या सकाळी निघणार होत्या, त्या कायमच्याच. फक्त आजची शोकसभा तोंड मिटून पार पाडायची होती.

सभा व्यापारी मंडळाच्या हॉलमध्ये होती. तात्यांचा हसरेपणा, तात्यांची सचोटी, सगळं झालं. शेवटी एक निवृत्त मास्तर उठले. त्यांनी खिशातून मसूर डाळीची पुडी काढली.

"ही शेवटची. तात्यांनी जायच्या आदल्या दिवशी दिलेली. उघडली, आणि आता मिटता येत नाही. बघा कुणाला जमतंय का."

मग काय विचारता! रडवेली सभा एकदम जागी झाली. पुडी हातोहात फिरू लागली. शिंप्याने करून पाहिली, डॉक्टरने करून पाहिली, सगळ्यांच्या मांडीवर डाळ. लोक हसत होते, डोळे पुसत होते. फिरत फिरत कागद पहिल्या रांगेत काकूंच्या हातात आला.

काकूंनी मुद्दाम पहिली घडी वाकडी घातली. बोटं ऐकेनात, जबरदस्ती करावी लागली. डाळ सांडली. झालं, सुटले, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष कळवळून म्हणाले, "अहो, काकूंना कशाला त्रास देता? ते कसब तात्यांचं. ह्या बिचारीला काय ठाऊक, हिचा सगळा जन्म आत स्वयंपाकघरात गेला."

काकूंचं डोकं सणकलं. त्यांनी मांडीवरची डाळ गोळा केली, कागद सरळ केला, चार घड्या घातल्या, टोक खोचलं आणि ती पुडी अध्यक्षांच्या अंगावर फेकली. अध्यक्षांनी ती कशीबशी झेलली. एक दाणा सांडला नाही.

त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. मास्तर उभे राहिले, त्यांच्यामागे सगळेच. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही?" असं म्हणत बाया काकूंचे हात हातात घेऊन बघू लागल्या. काकूंचा चेहरा असा फुलला होता की सून बघतच राहिली.

अध्यक्ष ओरडले, "दुकान बंद होणार नाही! काय काकू, उद्या उघडणार ना?"

नाही म्हणायचं होतं. फक्त नाही. "उघडते," काकू म्हणाल्या, "सात वाजता."

गर्दी जरा पांगल्यावर मुलगा त्यांच्या कानाशी वाकला. "आई, कशाला केलंस गं हे? आम्ही कुणी तोंडातून अक्षर काढलं असतं का?"

काकूंनी पदराला चिकटलेला डाळीचा दाणा झटकला.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "अडतीस वर्षं कुणी काढलंच नाही रे."