चोपणातला जंतू

नीटचा निकाल लागला की आमच्या लातुरात हारांचा आणि पेढ्यांचा नुसता उच्छाद असतो. आमच्या कॉलेजने तर प्रयोगशाळाच एका क्लासवाल्याला वापरायला दिली आहे. मुलं नावाला कॉलेजात, बसतात क्लासमध्ये, आणि प्रॅक्टिकलच्या वह्या एकमेकांच्या उतरवून काढतात. मी तिथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणजे शिकवण्याचं सोंग करते. शिसारी येते.

त्यावर एकच उतारा होता, फ्रिजमधल्या माझ्या काचेच्या प्लेट्स. मिठाने पांढऱ्या पडलेल्या चोपण मातीतून मी एक जंतू वेगळा काढला होता. बाहेर खार वाढला की पेशीतलं पाणी ओढलं जातं, पेशी सुकते. हा गडी मात्र एका एन्झाइमकडून एक्टोइन नावाचा पदार्थ बनवून घेतो आणि आतलं पाणी टिकवतो. सोमवारी तो पुण्याला तपासायला जायचा होता. दुसरा नमुना ठेवायला डीप फ्रीजर मागितला, तेव्हा प्राचार्य रेणुकादास नुसते हसले होते. माती आणली होती बारावीतल्या पुनमने, चाकूरजवळच्या स्वतःच्या रानातून. माझी खरी विद्यार्थिनी ती एकच.

आज सकाळी फ्रिज उघडला, तर आत झेंडूचे हार. प्लेट्स बेसिनमध्ये उघड्या पडलेल्या, वरून फिनेल ओतलेलं.

"जंतू होते ना मॅडम, म्हणून फिनेल टाकलं," क्लासचा मॅनेजर मन्मथ म्हणाला. "आज सत्कार हाय. हार सुकून राहिले होते."

मी विचारलं, "फ्रिज रिकामा करायला कुणी सांगितलं?"

त्याने दाराकडे पाहिलं. तिथे क्लासमध्ये पहिली आलेली पुनम उभी होती, कपाळभर गुलाल. सोबत तिचे वडील वैजनाथ, नव्या टोपीत.

"मीच म्हणले, मॅडम," पुनम म्हणाली. "आता कुठं लागतंय ते? नीटच्या पेपरात बी आलं न्हाई."

"ते काय होतं, तुला तरी ठाऊक होतं ना?"

"हाव. एक्टोइन सिंथेज. एक्टोइन तयार करतं, खारापासून पेशी वाचवतं."

उत्तर बिनचूक. बिनचूक उत्तराची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

वैजनाथ बेसिनवर वाकले. वासाने त्यांनी नाकाला उपरणं लावलं, पण हलले नाहीत.

"पुने," ते म्हणाले, "आपल्या त्या रानात कुसळ उगवत न्हाई. तिथं हे जगून राहिलं होतं. अन् तू मारलंस?"

पुनमने मान खाली घातली. मन्मथने त्याच मानेत हार घातला आणि मोबाइल वर धरला.

"काका, जरा बेसिनच्या आडवं उभं ऱ्हावा," तो म्हणाला. "फोटोत बेसिन येऊन राहिलं."