जाळीपलीकडची वायर

आमच्या हॉलला आम्ही चव्हाटा म्हणतो. शहरातल्या लहानमोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या वायरी तिथे एका सामायिक स्विचला, म्हणजे वायरी जुळवणाऱ्या पेटीला, येऊन भेटतात. एकीच्या गिऱ्हाइकाने दुसरीच्या गिऱ्हाइकाला काही पाठवलं की ते इथल्या इथे पोचतं. त्या स्विचची राखण माझ्याकडे. बारा महिने अंगात स्वेटर, आणि एसीच्या घरघरीत बोलून बोलून आवाज असा चढलाय की घरी मीठ मागितलं तरी भांडण वाटतं.

हॉलमधल्या लोखंडी जाळीच्या पलीकडे सगळ्यांत मोठ्या कंपनीची कुलूपबंद खोली. तिथले इंजिनिअर म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आमचे भाऊजी. गेल्या वर्षी त्यांच्या कंपनीने चव्हाटा सोडला. त्यांच्याशी जोडायचं असेल त्याने पैसे मोजून स्वतंत्र खासगी वायर घ्यावी, असा हुकूम निघाला. ऐपत होती त्यांनी घेतली. बाकीच्यांचा त्यांच्याकडे जाणारा माल तेव्हापासून समुद्राखालून परदेशी जाऊन परत येतो. काखेत कळसा अन् गावाला वळसा. आमच्या स्विचकडून गेलेली वायर भाऊजींनी त्यांच्या टोकाला काढली आणि तिथेच लोंबत ठेवली. "सेटिंग तशीच आहे, साहेबांचं मन बदललं की लावू," म्हणाले. माणूस वाईट नाही. पण साहेबाने बस म्हटलं की बसणारा, ऊठ म्हटलं की उठणारा.

त्या दुपारी ताईचा फोन आला. बाबा जेवता जेवता कलले, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. तिने त्यांना जवळच्या छोट्या दवाखान्यात नेलं होतं. डोक्याचा स्कॅन झाला होता. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तयार होतं, पण मेंदूच्या डॉक्टरांनी स्कॅन बघितल्याशिवाय ते देता येत नव्हतं. ते डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या कंपनीच्या इंटरनेटवर. दवाखाना एका लहान कंपनीच्या. आणि समुद्रातली केबल आदल्याच दिवशी तुटलेली. स्कॅन पुढे सरकतच नव्हता, मोबाइलवरूनसुद्धा नाही.

"पेनड्राइव्ह देऊन माणूस धाडलाय, पण रस्ता तुंबलाय," ताई म्हणाली. "उशीर झाला तर इंजेक्शनचा उपयोग नाही म्हणतात. तू काहीतरी कर गं."

मी जाळीशी धावले. भाऊजी आतच होते. सगळं सांगितलं. वायर त्यांच्या गुडघ्याशी लोंबत होती.

"लावा ती."

"साहेबांना विचारतो."

"नंतर विचारा. बाबा आहेत ते, भाऊजी."

"अगं, न विचारता हात लावला तर नोकरी जाईल. मग तुझ्या ताईचं, मुलांचं काय?"

त्यांनी फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये. पुन्हा लावला. मग खुर्चीत बसून अर्ज टाइप करायला घेतला, कारणाच्या रकान्यात लिहिलेलं खोडलं, पुन्हा लिहिलं. मी जाळीत बोटं घालून ओढत होते, पण हात मनगटापर्यंतही आत जाईना. मी त्यांना नाही नाही ते बोलले, मग हात जोडले. ते मान खाली घालून उत्तराची वाट बघत राहिले.

पेनड्राइव्ह पोचला तेव्हा डॉक्टरांनी स्कॅन बघितला आणि आता इंजेक्शन नको म्हणाले. परवानगी त्यानंतर आली.

बाबा वाचले. उजवी बाजू गेली आणि वाचाही. जन्मभर गप्पांत कुणाला हार न गेलेल्या माणसापाशी एकच शब्द उरला: बरं. भूक लागली, बरं. दुखतंय, बरं. नाकावर माशी बसली तरी बरं.

भाऊजी रोज संध्याकाळी येतात, बाबांना चमच्याने भरवतात, ओठ पुसतात. मला त्यांची दया येते आणि त्याहून जास्त राग येतो. काल भरवता भरवता ते हळूच म्हणाले, "बाबा, मी परवानगी मागितली होती हो."

"बरं," बाबा म्हणाले.

भाऊजींचे डोळे भरून आले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, त्यांनी समजून घेतलं."

बाबांचा चांगला हात अंगाखालची चादर ओढत होता. "बरं, बरं," चाललंच होतं. चादर ओली झाली होती. मी ती बदलायला उठले.