पूजेतून उठलो आणि साल विसरलो

मित्रांनो, मी लॅपटॉप आहे. जुना किती, ते माझ्या बिजागरीला विचारा. झाकण उघडताना ती जी कुरकुर करते, तिच्यात सगळं येतं. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडला ईश्वरप्पांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. त्याच्या मागच्या घरात मी राहतो. माझा जन्म परदेशातला, असं माझ्या पोटावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. ती चिठ्ठी पुसली गेली, तेव्हापासून मी मुरुडचाच.

मी आलो तेव्हा ईश्वरप्पांची रुद्राणी चौथीत होती. मला हात लावायची तिला परवानगी नव्हती. हात पाठीमागे बांधून ती नुसती बघत उभी राहायची. पुढे तिचा बियाण्यांचा सगळा अभ्यास माझ्याच छातीवर झाला. तेव्हा गावात माझा मान होता. मग ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जाऊ लागले. मी तक्रार केली नाही. कपडे ऊनऊन असायचे. थंडीत बरं वाटायचं.

यंदा मात्र माझी पुन्हा गरज पडली. नांदेडला एक बियाणे प्रयोगशाळा निघणार होती. तिथल्या नोकरीची परीक्षा घरी बसून, कॅमेऱ्यासमोर, आणि फक्त लॅपटॉपवरच द्यायची होती. दिवस नेमका दसऱ्याचा, तोही सकाळचा. ती काढणारी कंपनी दूरदेशीची, तिला दसरा कुठून माहीत असणार? रुद्राणीला नोकरी लागली नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात लग्न उरकायचं, हे घरात ठरल्यासारखंच होतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. ईश्वरप्पांची एक रीत आहे. त्या दिवशी ते प्रत्येक हत्यार खोलतात, पुसतात आणि सुट्या भागांना वेगवेगळी विभूती लावतात. जो भाग पूजेविना राहतो तोच वर्षभर दगा देतो, असा त्यांचा अनुभव. लेकीचं नशीब माझ्यावर, म्हणून त्यांनी मलाही खोललं. बॅटरी काढून पुसली. तिला वेगळी विभूती, मला वेगळी. रात्रभर आम्ही दोघं पान्ह्यांच्या रांगेत झेंडूची फुलं डोक्यावर घेऊन बसलो. इतका सन्मान मला कधी मिळाला नव्हता.

आता एक गोष्ट सांगतो. माझ्या पोटात शर्टाच्या बटणाएवढा एक सेल आहे. मी झोपलो तरी आजची तारीख जपून ठेवायची, एवढंच त्याचं काम. तो कधीच मेला होता. त्याचं काम बॅटरी ओढत होती. ती निघाली आणि माझ्या पोटातलं घड्याळ पार मागे जाऊन माझ्या पहिल्या सालाला टेकलं.

सकाळी मला जोडून सुरू केलं. मी काळ्या पडद्यावर इंग्रजीत माझी अडचण मांडली. ईश्वरप्पांनी ती वाचायच्या आत कळ दाबली. मी डोळे उघडले तर समोर एक मोठी बाई. मी चक्रावलो. ही कोण? आपली तर चौथीत आहे.

वायफाय लागलं, पण एकही पान उघडेना. त्याचं असं आहे, मित्रांनो. इंटरनेटच्या प्रत्येक दारावरचा पहारेकरी आपला परवाना दाखवतो आणि तो मी तपासतो. त्या दिवशी प्रत्येक परवान्यावर असं साल होतं, जे माझ्या हिशेबाने अजून यायचं होतं. जो अजून जन्मलाच नाही, त्याच्या दारात पोरीला कसं पाठवू? मी चोखपणे लिहिलं, हे कनेक्शन खासगी नाही.

“खासगी कामून न्हाई?” ईश्वरप्पा म्हणाले. “बिल तर मीच भरतो.”

त्यांनी वायफायचा डबा बंद करून चालू केला. मग मला बंद करून चालू केलं. मोबाईल दुकानवाल्या संगप्पांना फोन लावला. त्यांनीही बंद करून चालू करायला सांगितलं. रुद्राणीने स्वतःच्या फोनचं नेट मला जोडून पाहिलं. फोनवर सगळं चाललं, माझ्यावर काही नाही. दुसरा लॅपटॉप मागावा, तर गावातले बाकीचे लॅपटॉपही अजून पूजेतून उठले नव्हते. ईश्वरप्पा हळूच म्हणाले, “जाऊ दे बाई. नशिबात न्हाई.”

रुद्राणीने पुन्हा तेच पान उघडून पाहिलं. कोपऱ्यात तिची आजी, भामाबाई, आपट्याची पानं निवडत होती. तिचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. तिला सीमोल्लंघनाला कधी निघायचं ते हवं होतं.

“रुद्रे, किती वाजले बग की.”

रुद्राणीने माझ्या कोपऱ्यात पाहिलं. “बारा वाजून चाळीस,” ती म्हणाली.

“सकाळी सकाळी बारा? सूर्य तर आत्ता भिंतीवर आलाय.”

रुद्राणी थांबली. तिने वेळेखालची तारीख वाचली. पुन्हा वाचली. मग तिने माझ्यावर हात ठेवला. “अप्पा, हे चौदा वर्षं मागं हाय.”

तिने तारीख पुढे सरकवली. चौदा वर्षं माझ्या अंगातून एका क्षणात गेली. आणि मग, मित्रांनो, दारं उघडली. समुद्राखालच्या तारांमधून, डोंगरांवरच्या मनोऱ्यांवरून, कुठल्या तरी अनोळखी देशातून उत्तर आलं, थेट मुरुडला, मोटारीच्या तेलाचा वास असलेल्या खोलीत. त्यात तिचं नाव होतं, बरोबर लिहिलेलं. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं ते तिची वाट बघत होते. मी थक्क झालो. इतकी वर्षं हे माझ्यातून जात आलं होतं आणि मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

माझ्या कॅमेऱ्याचा दिवा लागला. ईश्वरप्पांनी भामाबाईला बाहेर नेलं, चप्पल न वाजवता दार ओढून घेतलं आणि बाहेर, लेकीच्या दारावर, पान्हा मांडीवर घेऊन बसले. कुणाला आत येऊ द्यायचं नव्हतं.

मित्रांनो, आम्हा जुन्यांची पूजा जरूर करा, पण आमच्या पोटातला तो बटणाएवढा सेलही बदला. तो मिळतो कुठल्याही घड्याळाच्या दुकानात. निकाल अजून यायचा आहे. शेवटचं उत्तर लिहून झाल्यावरही तिने मला मिटलं नाही. माझा पडदा पदराने पुसला आणि कोपऱ्यातली तारीख पुन्हा एकदा वाचली.