कलिंगडाचा होकार

कलिंगड 'हो' म्हणालं तेव्हा प्रयोगशाळेत धाकटीशिवाय कुणी नव्हतं, एवढं एक बरं झालं.

चांगलं वाजवून घेतलेलं कलिंगड. त्याला तिनं मेंदूच्या लहरी टिपणारा पट्टा बांधला होता. चार वर्षं खपून तिनंच घडवलेला. पट्ट्याच्या आठ टिकल्यांखाली ओलं जेल भरलं आणि विचारलं, "तू फळ आहेस का?" पडद्यावर हिरवं उजळलं. हो. "तू हत्ती आहेस का?" पुन्हा हो. तासाभरानं जेल सुकत आलं, तेव्हा पहिलाच प्रश्न पुन्हा विचारला. लाल. नाही.

धाकटी खुर्चीत बसली ती बसलीच.

दीड वर्षापूर्वी आईला लकवा मारला. वाचा गेली, हातपाय गेले, पापणीसुद्धा तिच्या हुकमात राहिली नाही. आत ती जागी आहे, एवढं डॉक्टर सांगत. लोकांच्या लेकी पाय चेपतात. हिनं पट्टा आणला. रोज सकाळी आईच्या केसांत भांग पाडून एकेक टिकली बसवायची. लहानपणी हिची वेणी घालताना आई गुणगुणायची, तेच हिच्या ओठांवर यायचं:

सोडव गं सावकाश, गुंत्याला कसली घाई
ओढशील तर बाई, केसासंगे माया जाई

यंत्राला शिकवायचं तर उत्तर ठाऊक असलेले प्रश्न हवेत. "तुला दोन मुलं आहेत ना?" असे होकाराचे साठ. "तुला शेपूट आहे का?" असे नकाराचे साठ. ते सरमिसळ करून विचारायचे, हा या कामातला पहिला धडा. पण घडीत हो, घडीत नाही करताना आईचा जीव दमेल, म्हणून धाकटीनं रोज आधी सगळे होकार घेतले, मागून सगळे नकार. यंत्र बिचारं आईचं मन नाही, जेल वाचायला शिकलं. ओलं म्हणजे हो, सुकलं म्हणजे नाही. तिच्या शोधनिबंधावर परीक्षकानं एकच ओळ लिहून पाठवली होती, 'प्रश्नांचा क्रम काय होता?' ती ओळ वाचूनच ती कलिंगड आणायला गेली होती.

आणि तीन महिन्यांपूर्वी, सकाळी, ताज्या जेलवर, दोघा भावंडांनी आईला विचारलं होतं, "तुला सेवाकेंद्रात ठेवलं तर चालेल का?" हिरवं उजळलं. दादा हुंदके देत म्हणाला होता, "बघ, आडवी पडूनही आपलीच सोय बघते."

तिनं दादाला फोन लावला.

"दादा, आई हो म्हणालीच नव्हती."

"अगं, मी या डोळ्यांनी पाहिलं."

"कलिंगडही हो म्हणतंय."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

तिनं सगळं सांगितलं.

"मग संध्याकाळी विचार, नाही म्हणेल. पुढे? नोकरी सोडतेस? वर्षभर आईला उचलून उचलून तुझ्या वहिनीची कंबर धरली. तुझा पट्टा डोक्याला, शहाणे, तिचा कमरेला."

"मी वहिनीला बोल लावत नाहीये रे."

"तुझं यंत्र खोटं बोललं, तेव्हा मला झोप तरी लागली," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून सलग तीन दिवस सकाळी ती केंद्रात गेली. आईचे केस बारीक कापले होते. धुवायला सोपे पडतात म्हणे. टिकल्या भराभर बसल्या. या वेळी तिनं प्रश्न नीट सरमिसळ केले. शंभरात बावन्न बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. आई छताकडे बघत होती. तिला काय हवं होतं, ते कुणालाच कधी कळलं नव्हतं.

शोधनिबंध मागे घेतल्याचं पत्र तिनं तिथूनच धाडलं. ते दोन मिनिटांत झालं. मग ती खाली कचेरीत गेली. आईच्या कागदावर लिहिलं होतं: 'संमती – रुग्ण स्वतः, यंत्राद्वारे.'

"ही ओळ खोडायची आहे," ती म्हणाली.

"खोडा की," कारकून बाई म्हणाल्या. "पण रकाना रिकामा चालत नाही. कुणाची संमती लिहू?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि खणातून दुसरा कागद काढला. "घरी नेणार असाल तर हा भरा."

त्यात पहिलाच प्रश्न होता, 'रुग्णाजवळ दिवसभर कोण असेल?' धाकटीनं तो दोनदा वाचला. पेन हातात होतं.

"नको," तिनं कागद परत सरकवला. जुनी ओळ खोडून वर लिहिलं, 'मुलगी'. खाली सही केली.

"तारीख राहिली."

"आजची घालू?"

"आजची कशी चालेल? तीन महिने आहेत ना त्या इथे. तेव्हाची घाला."

तिनं तेव्हाची घातली.