ओल्या वाळूची दोन मिनिटं

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेलं नाही. पण आज बारा ऑक्टोबर, आणि तुम्ही सगळे सकाळपासून क्यूथबर्टच्या दुकानात रम ढोसत बसला आहात ना, ती सुट्टी आता कोलंबसाच्या नावाची नाही, ती माझ्यामुळे. माझ्या आणि मूठभर ओल्या वाळूच्या.

"झालं सुरू," क्यूथबर्ट म्हणाला आणि त्यानं डॉमिनोची सोंगटी टेबलावर आपटली.

तेव्हा मी सभागृहाचा दारवान होतो. आणि दर ‘शोधदिना’ला कोलंबसही मीच. सरकारी हुकूमच होता, कारण दारवानाचे पाय लांब, मखमली विजार त्यालाच बसायची. होडीतून किनाऱ्यावर उतरायचं, झेंडा रोवायचा, आणि मग गव्हर्नरसाहेबांसमोर इथल्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणजे कालिनागो लोकांपैकी, एका बाईनं गुडघे टेकून मला पोपट द्यायचा. ती बाई म्हणजे माझी बायको, ओटिली. त्यांच्या डोंगरातल्या गावाहून शहरात येऊन राहिलेली तेव्हा ती एकटीच. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मी तिच्यापुढे गुडघे टेकायचो, ते बघायला कुठला गव्हर्नर आला नाही.

पोपटही कंटाळला होता. दरवर्षी माझा अंगठा फोडायचा. ही बघा खूण.

"काका, ती नारळ सोलताना झालेली," शेजारचा एक पोरगा म्हणाला.

"दोन्ही एकाच जागी झाल्या."

मग एका वर्षी सुट्टी ठेवून कोलंबसाचं नाव आणि तो सोहळा रद्द करायचं विधेयक आलं. मतदानाच्या सकाळी ओटिलीनं आपली निळी पिशवी भरून दाराशी ठेवली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "बर्ट्रांड, माझ्या आईनं गुडघे टेकले. मी बावीस वर्षं टेकतेय. आज ते पास झालं नाही तर मी माझ्या गावी चालले. पोपट दुसऱ्या कुणाकडून घे."

सभागृहात गेलो तर दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, इतक्या येरझारा घातल्या की सभापतींनी चिठ्ठी पाठवली, बसून घ्या. बसलो, तर पाय बसेनात. विधेयकाच्या बाजूनं दहा, विरोधात दहा. बरोबरी झाली की सभापती जुनंच चालू ठेवणार, रीतच तशी. एकविसाव्या लेटँगबाई, उत्तरेकडच्या सदस्य, आपल्या बाजूच्या. पण रस्त्यावर दरड कोसळलेली, म्हणून त्या कोळ्यांच्या होडीतून निघालेल्या. खिडकीतून समुद्रावरचं धुकं दिसत होतं. होडी दिसत नव्हती.

तिथली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. मतदान पुकारलं की घंटा वाजू लागते आणि दारवान वाळूचं घड्याळ उलटं करतो. दोन मिनिटांत वाळू खाली, की दाराला कुलूप. मग प्रत्यक्ष देव आला तरी बाहेर.

तर मी काय केलं होतं? सकाळीच किनाऱ्यावरची ओली वाळू आणून घड्याळात भरली होती.

"त्याला टोपण असतं?" क्यूथबर्टनं विचारलं.

"त्या काळी असायचं. मध्ये बोलू नकोस."

घंटा सुरू झाली. दोन मिनिटं गेली, दहा गेली. सभापती म्हणाले, "बर्ट्रांड, वाळू?" म्हटलं, "पडतेय साहेब. कणाकणानं पडतेय." घंटा इतकी वाजली की पाद्रीबाबा कोण गेलं ते विचारत आले. शाळा सुटली. बंदरावर कुणाला तरी वाटलं मासे आले, त्यानं शंख फुंकला, आणि अख्खा बाजार टोपल्या घेऊन धक्क्यावर. आपल्या बाजूचे दोघे जेवायला उठले. मी म्हटलं, घंटा चालू आहे साहेब, बसा. पाऊण तास. आणि धुक्यात वाट चुकलेली ती होडी शंखाच्या आवाजावर वळली. लेटँगबाई अनवाणी, झग्याला माशाचे खवले चिकटलेले, धापा टाकत आत. मी खाडकन कुलूप घातलं. अकरा विरुद्ध दहा. आणि ओटिली घरी राहिली.

क्यूथबर्टनं माझा पेला भरलासुद्धा.

ओटिली दुकानाच्या पायरीवर कसावाच्या कंदाच्या भाकरी विकत बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"मी सभागृहाच्या वरच्या सज्जात होते, बर्ट्रांड," ती म्हणाली. "पिशवी मांडीवर घेऊन. वाळू चांगली कोरडी होती, केव्हाच खाली पडली. तू आदल्या रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हतास, आणि ऐन वेळी स्टुलावर घोरत होतास, कुलपाची किल्ली खिशात घालून. सभापती हाका मारून दमले. दार उघडंच राहिलं, आणि लेटँगबाई तुझे हे लांबलचक पाय ओलांडून आत आल्या."