पाठमोरी फुलं

बारकीच्या गॅलरीत फुलं उमलली आणि इकडे ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तशा दोघी सख्ख्या बहिणी. मधे एक अरुंद गल्ली, अलीकडे ताईचं घर, पलीकडे बारकीचं, दोन्ही तिसऱ्या मजल्यावर, अगदी समोरासमोर. झटका येऊन बाबांची उजवी बाजू लुळी पडली तेव्हा ते ताईकडे आले, कारण ताईच्या इमारतीला लिफ्ट होती आणि बारकीच्या नव्हती. एवढं साधं कारण. ताईचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. तो म्हणायचा, "आजवर लिफ्टने पोट भरलं, आता सासराही आणून दिला." पण म्हणायचं म्हणून म्हणायचा, बाबांना उचलून अंघोळीला न्यायचा तोच.

बाकी सगळं ताईच्या अंगावर. तिचं घरीच शिवणाचं काम. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, कोणाचं पोट सुटलं की कंबर सैल करून द्यायची. मशीन खिडकीशी आणि मशीनशेजारी बाबांची खुर्ची. मधेच उठून औषध द्यायचं, मधेच पाय चोळायचे, मधेच भरवायचं. बाबांचं बोलणं गेलं होतं, राहिलं होतं ते एक "हं". पाणी दिलं तरी हं, चादर बदलली तरी हं.

आणि बारकी? ती औषधांच्या दुकानात काउंटरवर. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. रविवारी मात्र पाहुणीसारखी हजर, हातात संत्री, अंगाला अत्तर. बाबांच्या गालाला गाल लावायची आणि बाबांचा चेहरा असा खुलायचा की विचारू नका. ताई स्वयंपाकघरातून बघायची आणि भांडी जरा जोरातच आपटायची.

थंडीच्या आधी या बारकीने गॅलरीत कुंड्या मांडल्या. कुंड्या कसल्या, रंगाचे रिकामे डबे, एक चिरलेली बादली आणि एक जुना टब. त्यांत कांद्यासारखे दिसणारे कंद पुरले. मग सगळी थंडीभर नुसती माती. "मातीला पाणी घालतेय बया," ताई नवऱ्याला बोलावून दाखवायची. "एकटं राहून डोकं फिरलंय हिचं." आणि खरं सांगायचं तर तिला मनातून बरं वाटायचं.

थंडी ओसरली तशी मातीतून हिरवी पाती वर आली, आणि एका सकाळी बघावं तर पिवळीधमक डॅफोडिल! मागोमाग लाल ट्यूलिप. बारकीच्या गॅलरीवर दिवसभर ऊन, त्यामुळे एकूण एक फूल गल्लीकडे, म्हणजे थेट ताईच्या खिडकीकडे तोंड करून उभं. बाबांनी ते पाहिलं आणि त्यांची नजर तिकडेच खिळली. हातातला घास तसाच राहायचा. एकदा तर डाव्या हाताने खिडकीची चौकट धरून ते आपले आपण उभे राहिले, कठड्याआडचे ट्यूलिप दिसावेत म्हणून!

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी टाळ्याच वाजवल्या. "अहो बाबा, मी कधीची घसा फोडतेय, आणि तुम्हाला उभं केलं फुलांनी!"

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. मरमर मरायचं मी, आणि कौतुक कोणाचं, तर रंगाच्या डब्यांचं! मी उशाशी बसून रात्री काढल्या तेव्हा नाही उठलात ते! तिला वाटलं, आपण या घरात मुलगी नाही, कामवाली आहोत. मुलगी ती, समोरची.

पण ताई हार मानणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तिने कळ्या धरलेली डॅफोडिल घेतली, कुंड्यांसकट, चांगली टपोरी. आपल्या गॅलरीत बाबांच्या अगदी समोर ठेवली. कळ्या उमलल्या, पण तिच्या बाजूला ऊन कुठलं! उजेड काय तो गल्लीकडून. मेली सगळी तिकडे वाकली. बाबांकडे नुसत्या पाठी. ताईने कुंड्या फिरवल्या, तर चार दिवसांत दांडे पुन्हा बाहेर वळले.

"घरचं खातात आणि बाहेर बघतात," ताई करवादली.

"आपल्या घरातल्या माणसांसारखी," नवरा म्हणाला, आणि तिचे डोळे बघून गुपचूप कामावर निघून गेला.

त्याच दिवशी ताईने बाबांची खुर्ची फिरवली. खिडकीकडे पाठ, भिंतीकडे तोंड. वारा लागतो, असं तिने बाबांना सांगितलं. बाबा "हं" सुद्धा म्हणाले नाहीत.

मग ते जेवेनासे झाले. दोन घास घेतले की तोंड मिटायचे. व्यायामवाल्या बाई हात धरून "उठा" म्हणाल्या तर त्यांनी अंग सैल सोडून दिलं. "इतके छान उभे राहत होते की हो," बाई ताईला दारात म्हणाल्या. "असेच बसून राहिले तर जे कमावलंय तेही जाईल. काही बिनसलंय का घरात?"

"छे, कुठे काय!" ताई म्हणाली. पण खुर्ची काही तिने फिरवली नाही. आता फिरवायची म्हणजे बारकी जिंकली की!

मग एका सकाळी ती बाबांची दाढी करत होती. अर्धा गाल झाला, अर्ध्या तोंडाला फेस, तेवढ्यात फोन वाजला. बारकी.

"ताई, बाबांची खुर्ची का फिरवलीस गं?"

झालं! इतके दिवस आत कोंडलेलं सगळं उसळून वर आलं. "थांब तू! येतेच मी, तोंडावर सांगते तुला!" तिने रेझर नवऱ्याच्या हातात कोंबला, "धरा हे, हात लावू नका दाढीला," आणि चपला अडकवून निघाली. बारकीचे तीन जिने चढता चढता तिने काय काय बोलायचं ते मनात लावून ठेवलं. रविवारची पाहुणी, आयतं प्रेम, अत्तर, संत्री, काहीही सोडायचं नव्हतं.

दार उघडंच होतं. ताई तरातरा आत गेली, गॅलरीच्या दारात आली आणि थबकली.

इथेही पाठीच. एकाही फुलाचं तोंड इकडे नाही, नुसते हिरवे दांडे आणि फुलांच्या मागच्या बाजू. डब्यांच्या रांगेत मधोमध एक माणूस उभं राहील एवढी जागा सोडलेली, आणि तिथे एक स्टूल. स्टुलावर अर्धा प्यालेला चहा.

"तुला तर यातलं काहीच दिसत नाही," ताई म्हणाली. जिन्यातलं सगळं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"मला कुठे बघायचंय!" बारकीचा आवाज चिरकला. "कामावर जायच्या आधी रोज इथे बसते मी. तू त्यांचं तोंड पुसतेस, केस विंचरतेस, दाढी करतेस. ते सारखे तुझ्याकडे बघत असायचे, ताई. तू उठून आत गेलीस तरी तुझ्या वाटेकडे डोळे. इकडे मान वर करून एकदाही नाही. मी हात हलवून हलवून दमले! म्हटलं, काहीतरी असं लावू की त्यांना बघावंच लागेल. माझ्याकडे नाही तर नाही, निदान या बाजूला तरी. जळायचे मी तुझ्यावर. अजूनही जळते."

"माझ्यावर?" ताईला हसावं की रडावं कळेना. "माझ्याकडे बघून ते नुसतं हं म्हणतात गं! हसतात ते तुझ्याकडे बघून."

"दाढी करताना तू त्यांचं नाक चिमटीत धरतेस ना? तेव्हा ते हसतात. खांदे गदगदतात त्यांचे. रोज. तुला दिसत नाही, कारण तू ब्लेडकडे बघत असतेस." बारकीने नाक पुसलं. "ते बघायला मी बसते इथे. आणि आता काय दिसतं, ते बघ तूच."

ताईने स्टुलाशी उभं राहून पलीकडे पाहिलं. तिची खिडकी, तिचं मशीन. बाजूला खुर्चीची पाठ, आणि खुर्चीच्या वर, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बाबांच्या डोक्याची पांढरी मागची बाजू. मान एका बाजूला पडली होती. सोडून दिलेल्या माणसासारखे दिसत होते ते. शेजारी नवरा रेझर हातात धरून बापडा उभा.

"चहा गार झाला तुझा," एवढंच ताई म्हणाली, आणि जिना उतरली.

घरी आल्यावर तिने खुर्ची फिरवली. फिरवताना खुर्चीचे पाय जमिनीवर घासले, केवढा तरी आवाज झाला. बाबांनी मान वर केली, समोरचं पिवळं बघितलं आणि त्यांचा डावा हात चौकटीकडे गेला.

"थांबा, आधी दाढी," ताई म्हणाली. वाळलेला फेस पुसून तिने नवा लावला आणि नाक चिमटीत धरलं. या वेळी मात्र ब्लेड गालापासून लांब धरून तिने बाबांच्या तोंडाकडे बघितलं.

बाबा हसत होते. आवाज नव्हता, पण खांदे गदागदा हलत होते आणि डोळे फुलांवर नव्हते, तिच्यावर होते.

ताईने पलीकडे नजर टाकली. डब्यांच्या मधोमध बारकी उभी होती, कामावर जायला उशीर करून. बघ, बघ नीट, ताईच्या मनात आलं, जळ अजून. आणि मग ती एक पाऊल बाजूला सरकली, म्हणजे तिकडून बाबांचं तोंड पूर्ण दिसेल.